ओढा नितळ झाल्यावर

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही नमस्कार सांग आणि तुझ्या लाडक्या लेकीला, चिमणीला, माझ्याकडून एक चिमटा. इकडे सगळं ठीक. फोनऐवजी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझ्यामागे कारखान्यातली यंत्रं घरघरत असतात आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून ठेवून देतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी माझं सांगते. तू नेहमी विचारतोस ना, "रंगाऱ्याची पोर शिकून शेवटी रंगातच लोळणार होती, तर एवढी शिकली कशाला?" तर ऐक. आमच्या लॅबमध्ये माझी दोन टेबलं आहेत. पहिल्यावर सोलर सेल. काचेवर पांढऱ्या पुडीचा पातळ थर द्यायचा. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणतात तिला, भिंतींच्या पांढऱ्या रंगात असते तीच. मग ती काच रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. ऊन पडलं की रंग ते झेलतो आणि त्याच्यातून पुडीत वीज उतरते. नुसत्या पुडीला ऊन फारसं पकडताच येत नाही. अडचण एवढीच, की रंग टिकत नाही. मागच्या आठवड्यात माझी सगळ्यात गुणी काच फिकी पडली. आमचे सर म्हणाले, "चला, आणखी एक शहीद." मी चहा प्यायले आणि नवी काच घासायला घेतली.

दुसऱ्या टेबलावर तीच पुडी, तेच ऊन आणि काम उलटं. पाण्यातला रंग मोडून टाकायचा. याला फोटोकॅटॅलिसिस म्हणतात, म्हणजे उन्हाला कामाला लावणं. इथे रंग टिकला तर आम्ही तोंड पाडून बसतो. तुझ्या कापड रंगवायच्या कारखान्यामागचे सांडपाण्याचे उथळ हौद, तळाला पांढरा थर दिलेले, याच टेबलावरून निघाले. सर आल्यागेल्याला त्यांचा फोटो दाखवतात. तू हातात ग्लास धरून हौदाचं पाणी पितो आहेस, तो.

फोटोपुरतं ठीक होतं. वहिनी सांगत होती, आता गिऱ्हाईक आलं की तू त्याच्यासमोर एक ग्लास रिकामा करतोस. ते जरा कमी कर. हौसेला मोल नाही हे खरं, पण पोट एकच आहे.

मध्यंतरी आमच्याकडे नवं यंत्र आलं. जुनं फक्त पाण्यात रंग किती उरला ते सांगायचं. हे पाण्यात आणखी काय काय आहे तेही सांगतं. शिकायचं म्हणून हाताशी होती ती तुझ्या हौदाच्या पाण्याची बाटली घातली. आकडे थोडे विचित्र आले. यंत्र नवं आहे, पुन्हा करून बघेन. तू हौदातून पाणी किती वेगाने सोडतोस ते कळव आणि आणखी एक बाटली पाठव. घाई नाही.

ग्लासाचं मात्र मनावर घे.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

आमच्या शास्त्रज्ञ बाईसाहेबांना आशीर्वाद.

जाडजूड पाकीट पाहून वाटलं, कुठे लग्नबिग्न ठरवलं की काय पोरीने! उघडून बघतो तर दोन टेबलं, एक शहीद आणि शेवटी काय, तर दादा, पाणी कमी पी. डोंगर पोखरून उंदीर काढलास.

बाटली पाठवली आहे. वेगाचं म्हणशील, तर मी हल्ली पाणी दुप्पट वेगाने सोडतो. रंग अर्ध्या वाटेतच जातो, मग पुढे त्याला उगीच उन्हात लोळवायचं कशाला? आपली हयात रंग पारखण्यात गेली. मला यंत्र नको, डोळे पुरेत.

आता खरी बातमी. हौदांचं पाणी जातं तो खालचा ओढा इतका नितळ झालाय की काठच्या वस्तीतल्या बायका तिथूनच हंडे भरतात. पूर्वी तो आज लाल तर उद्या निळा वाहायचा, कुत्रंसुद्धा तोंड लावत नव्हतं. तेव्हा लोक मला शिव्या घालायचे, आता रस्त्यात थांबून चौकशी करतात. एक मार्चला त्यांनी ओढ्याकाठी माझा सत्कार ठेवलाय! तिथे सगळ्यांसमोर पहिला ग्लास चिमणी पिणार. कल्पना तिचीच. तुझ्यासाठी खुर्ची राखून ठेवतो. नखरे न करता ये.

तुझा दादा


२० फेब्रुवारी

दादा,

चिमणीला ते पाणी पाजू नकोस. तूही पिऊ नकोस.

हे मागच्या पत्रात पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. आकडे पाहताक्षणी मला कळलं होतं, तरी मी टेबलांच्या गोष्टी सांगत बसले. दुसरी बाटलीही तपासली. यंत्राची काही चूक नाही. तुला फोन केला, तर आसपासच्या माणसांना "बहीण घाबरट आहे" असं हसत सांगून तू ठेवून दिलास. वहिनीला सांगितलं आहे, ती चिमणीला पिऊ देणार नाही. पण अख्ख्या वस्तीला वहिनी कशी थोपवणार?

सोपं करून सांगते. रंगाचा कण लांबलचक असतो. त्याचा एक सांधा निखळला की रंग दिसेनासा होतो, पण तुकडे पाण्यातच राहतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा वाईट. रोज पोटात गेले तर माणसाला आजारी पाडतील असे. उन्हात तेही मोडतात, पण त्याला वेळ लागतो. तो वेळ तू वेग वाढवून काढून घेतलास. तुला एकट्याला बोल लावत नाही. रंग गेला की बाटलीवर "साफ" अशी चिठ्ठी आम्हीच डकवत होतो.

चिमणीचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण त्याहून जास्त मी हंड्यांच्या वाक्यावर अडकून राहिले. ओढा लाल-निळा होता तोवर कोणी तोंड लावत नव्हतं, त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तो रंग आपण काढला आणि विष तसंच ठेवलं. मला फार भीती वाटते, दादा.

पाणी तपासणाऱ्या ऑफिसला मी आज सगळं कळवलं आहे, तुझ्या नावासकट, माझ्या सहीने. ते कारखाना बंद ठेवायला लावतील. तुला आधी विचारलं असतं तर तू मला गुंडाळलं असतंस आणि मी गुंडाळून घेतलं असतं. म्हणून विचारलं नाही.

ऑफिसची माणसं त्यांच्या सवडीने येतील. तोवर वस्तीला तूच सांग. तुझ्या शब्दावर त्यांनी ते पाणी प्यायलं आहे.

तुझी बहीण


६ मार्च

धाकटे,

पत्र वेळेत मिळालं. वाचून भयंकर संतापलो. तुझ्या वहिनीला म्हटलं, परक्याने हे केलं असतं तर समजलो असतो. ती म्हणाली, "परक्याला काय पडलंय?" मग तुझं पत्र परत उघडलं.

एक तारखेला ओढ्यावर गेलो. खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर ग्लास भरून ठेवला होता. तो मी ओतून टाकला आणि सगळं सांगितलं. सांधा, तुकडे, माझा दुप्पट वेग, माझे डोळे.  

मग एक बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे आली. म्हणाली, "भाऊ, उद्यापासून नाही भरणार. पण ह्याच्या जन्मापासून घरात हेच पाणी आहे. आता ह्याचं काय करू?"

मी म्हटलं, बहिणीला विचारतो. ती म्हणाली, "विचारा."

कारखाना मी त्याच दिवशी बंद केला, तुझ्या ऑफिसची वाट न बघता. मुलांना तपासायला डॉक्टर येऊन गेले. आत्ताच काही सांगता येत नाही म्हणाले. ती बाई रोज सकाळी फाटकाशी येते. भांडत नाही. मुलाला घेऊन उभी राहते आणि मी "अजून उत्तर आलं नाही" अशी मान हलवली की परत जाते.

मला ही मान आता हलवत नाही. तू ये, आणि तिला जे काही सांगायचं ते तू सांग. खोटं सांगू नकोस.

वाट बघतो आहोत,
मी आणि ती