दोन घरांमधलं माळ्यावरचं दार

नाना, आपल्या माळ्यावरचं दार यंदा नवं केलं. सागवानी, पॉलिश केलेलं, वरच्या पट्टीला बारीक वेलबुट्टी. तुम्ही बघितलं असतंत तर आधी त्यावरून हात फिरवला असता आणि मग काहीतरी खोट काढली असती. कोणती खोट काढली असती हे मला आता पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच गेला आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नाही. आपली आळी जपायचं काम करणारी पुण्याची एक आर्किटेक्ट मुलगी आहे. या दाराशेजारी पाटी लावायची आहे, तुमच्या वडिलांची आठवण म्हणून चार ओळी लिहून द्या, असं ती मला सांगून गेली. शाळेत इतकी वर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतले, मला चार ओळींचं काय भय? पण बसले आणि तुम्हालाच लिहीत सुटले.

तुम्ही होतात तेव्हा आळीत सहा घरं होती. सावित्री नदीकडून देवळाकडे चढत गेलेली, भिंतीला भिंत लावून उभी. प्रत्येक घराच्या माळ्यावर, शेजारच्या घराच्या भिंतीत, वाकून जाता येईल एवढं एक दार. नदीचं पाणी आळीत शिरलं की खालच्या घरातल्यांनी माळ्यामाळ्याने वर सरकत यायचं आणि शेवटच्या घरातून देवळाच्या चौथऱ्यावर उतरायचं. रस्त्याला पाय लावायचा नाही. दाराला कड्या दोन, एक या घरची आणि एक त्या घरची. एरवी दोन्ही घातलेल्या, कारण शेजारी कितीही चांगला असला तरी माळ्यावर पापडांचे डबे असतात. आषाढ लागला की दोन्हीकडच्या काढायच्या, गणपती गेले की लावायच्या. हे कोणी कोणाला शिकवलं नाही. नदीकाठचं गाव, इथे माणूस पोहायला नंतर शिकतो, सामान वर चढवायला आधी.

खालच्या घरातले काका आणि तुम्ही, दोघांचं पन्हळीवरून भांडण. त्यांच्या कौलांचं पाणी आपल्या भिंतीवर पडतं म्हणून तुम्ही कोर्टात गेलात, आणि कोर्ट इथेच चार पावलांवर असल्यामुळे दोघांनाही जायला-यायला काही जड गेलं नाही. मी शाळेत होते तोवर तुम्ही एकमेकांशी अवाक्षर बोलला नाहीत. पण आषाढाचा पहिला दिवस मला अजून दिसतो. तुम्ही शिडी चढताय, मी मागे वाटी धरून. तुम्ही दारावर दोनदा टकटक करता. पलीकडून खोकला येतो. खोकला म्हणजे काका. इकडची कडी निघते, तिकडची निघते, दार हातभर उघडतं. तुम्ही भाजलेल्या चण्यांची वाटी आत सरकवता, तिकडून गुळाचा खडा आणि खोबऱ्याचा तुकडा येतो. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. खाली आल्यावर आई विचारते, "बोललात का काही?" आणि तुम्ही म्हणता, "बोलायचं काय त्यात? कडी काढली."

तुम्ही एसटी स्टँडवर कंट्रोलर होतात, त्यामुळे नदीची बातमी घरात सगळ्यांच्या आधी यायची. पोलादपूरहून गाडी आली की आधी ड्रायव्हरला विचारायचं, मग वहीत वेळ टाकायची. "साहेब, वर महाबळेश्वराला लय लागलाय, पुलाखाली पाणी लाल हाय," असं कोणी म्हणालं की तुम्ही लगेच खाडीची भरती केव्हा आहे ते मनात मांडायचात. वरून लोंढा आणि खालून भरती, दोन्ही एकाच वेळी आलं की पाण्याला जायला वाट नाही, ते मग बाजारपेठेतच मुक्काम करतं. मी अजूनही पोलादपूरचा पाऊस आधी बघते. आता फोनवर बघते, एवढंच.

मी आठवीत असतानाचा पूर. काका, काकू आणि काकांची आई वरच्या दाराने आपल्याकडे आली. काकू तेव्हा नव्या नवरी होत्या, आणि त्यांनी काय आणलं असेल? भाताचं पातेलं. नुकताच शिजला होता, टाकून यायला जीव झाला नाही. सगळे आपल्या माळ्यावर बसलो, खाली जिन्याच्या पायऱ्यांना पाणी चाटतंय आणि वर पत्रावळी मांडलेल्या. तुम्ही आणि काका पाठीला पाठ लावून बसला होतात. काका आईला म्हणाले, "वहिनी, त्यांना सांगा, भात घ्या म्हणावं." आणि तुम्ही आईला म्हणालात, "घेतलाय म्हणून सांग." आई हसू दाबायला कौलांकडे बघत राहिली. मला त्या पुराची भीती आठवतच नाही. भाताला तूप नव्हतं ते आठवतं.

आईवर तुम्ही आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला, तोही या दारापायी. जुनं दार चौकटीत सैल होतं. चहूबाजूंनी बोट जाईल एवढी फट. तिथून उंदीर यायचे, आईच्या सांडग्यांवर ताव मारायचे. वैतागून तिने फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. तुम्ही वर गेलात, त्या उपसून खाली फेकल्यात आणि म्हणालात, "पावसात लाकूड फुगतं, कळत नाही तुला? फट राहू दे. उंदीर आला तर सांडगे जातील, दार अडकलं तर माणूस जाईल." आईने चिंध्या उचलून चुलीत घातल्या. संध्याकाळी तुम्ही बाजारातून घट्ट झाकणाचा डबा आणलात, सांडग्यांसाठी. माफी मागायची तुमची तऱ्हा ती तेवढीच.

तर हे सगळं मला माहीत होतं, नाना. नवशिकी असते तर गोष्ट वेगळी.

एकवीस सालच्या पुरात पाणी आपल्या शिडीच्या निम्म्याच्या वर आलं. मी एकटी होते, पलीकडे काकू एकट्या. काका केव्हाच गेले, मुलगा मुंबईला. जुनं दार एका धक्क्यात उघडलं आणि काकू माझ्याकडे आल्या. पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघी माळ्यावर होतो. खाली आलो तर सगळ्या आळीत गुडघाभर चिखल. त्याच दिवसांत तळीयेत डोंगर खचून माणसं गाडली गेल्याची बातमी आली आणि मग आपल्या भिजलेल्या कपाटांबद्दल बोलायची आम्हालाच लाज वाटू लागली. पुढे वर्षभरात नदीकडची तीन घरं विकली गेली, पडली. आता सगळ्यात खालचं घर काकूंचं, मग आपलं, मग वरचं एक, त्याला कुलूप. ते लोक मुंबईला असतात, किल्ली माझ्याकडे. बिल्डर तिघांच्याही मागे लागला होता. सगळं सपाट करून पार्किंग आणि वर मजले. वरच्या घरवाल्यांचं तर जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा ही आर्किटेक्ट मुलगी आली. माळ्यावरची दारं बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाटकी नव्हे, खरंच. ती म्हणाली, अशी आळी मी दुसरीकडे पाहिलेली नाही, ही वाचवू या. समिती झाली, मी अध्यक्ष झाले, कारण बाईंनी अध्यक्ष व्हायचं असतं. देणग्या आल्या, कौलं शाकारली, भिंतींना चुना लागला. पावसाळा संपला की पाहणीला जुन्या वास्तूंच्या सरकारी खात्याचे लोक यायचेत. त्यांनी पसंत केलं तर आळीला संरक्षण मिळेल आणि वरच्या घरवाल्यांनी तोवर थांबायचं कबूल केलंय. नाही केलं तर बिल्डर बसलाच आहे टपून.

काकूंच्या आणि आपल्या मधलं हे नवं दारही त्यातलंच, वैशाखात बसवलं. सुतार विचारत होता, कसं बसवू, आणि मी तुमची मुलगी, मी त्याला म्हणाले, "अगदी घट्ट बसवा, उंदीर येतात." काकू पलीकडून ऐकत होत्या, त्या खूश. "बरं झालं गो, लय उच्छाद होता मेल्यांचा." आम्हा दोघींनाही काही आठवलं नाही. दार इतकं सुबक दिसत होतं की त्याचा पावसाशी काही संबंध आहे हेच डोक्यातून गेलं. आषाढ लागला, आम्ही कड्या काढल्या, चणे-गूळ झालं, त्या मुलीने फोटो काढले. तेव्हा दार लोण्यासारखं उघडलं. अजून पाऊस मुरायचा होता.

गेल्या आठवड्यात दुपारी पुराचा भोंगा वाजला. पोलादपूरला सकाळपासून कोसळत होता आणि भरतीही तेव्हाच. पाणी बाजाराच्या कोपऱ्याला आलं म्हणून रस्त्यावरून कोणी ओरडत गेलं. मी धावत माळ्यावर गेले, दार ओढलं. हललं नाही. भिंतच ओढावी तसं. पलीकडे काकू शिडी चढून आल्या होत्या, ऐंशी वर्षांची बाई.

"उघड गो."

"उघडत नाहीये काकू. तुम्ही ढकला."

त्या ढकलत होत्या, मी ओढत होते, मग कडीच्या कोयंड्यात दोरी अडकवून ओढलं. हाताची सालं निघाली. रस्त्याने जाऊन त्यांना आणावं तर त्यांच्या दारापुढे पाणी लागलं होतं आणि त्यांना धरून चालवायला दुसरं माणूस नाही. आळीतली माणसं कुठे राहिलीत आता? मी रडायला लागले, नाना. चक्क रडायला लागले. पलीकडून काकू म्हणाल्या, "राहू दे गो. हात मोडून घेशील. मी हाय हितं बसून, कुठं पळून नाय जात." मी दाराला कान लावला तर म्हणतायत, "आधी फटीतनं तुझा उजेड दिसायचा. आता काय दिसत नाय." पाणी त्यांच्या पायरीपर्यंत आलं आणि संध्याकाळी फिरलं. त्या दिवशी काही झालं नाही. मला मात्र तो दिवस संपला असं अजून वाटत नाही. भांडं पडलं तरी मी माळ्याकडे धावते.

काकूंच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "आई, वरचा दरवाजा ओके आहे ना? टेन्शन नको." काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "येकदम मस्त हाय. बाईंनी लय भारी करून घेतलाय." त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि त्याने मला जास्तच कसंतरी झालं. त्यांना म्हटलं, पावसाळाभर माझ्याकडे येऊन राहा. तर म्हणतात, "माझी चूल सोडून? उगाच काय." त्या आर्किटेक्ट मुलीला फोन केला. ती घाबरली, खरंच घाबरली, पण मग म्हणाली, "मॅडम, पाहणीपर्यंत थांबता येईल का? आत्ता कडा तासल्या तर कोरलेली पट्टी जाईल, आणि तेच दार बघायला ते येतायत. नंतर आपण नीट करून घेऊ." ती वाईट नाही. तिलाही आळी हवीच आहे. पण नदी पाहणीपर्यंत थांबेल का, हे तिला कोण सांगणार, आणि आळी गेली तर काकूंना तरी मी कुठल्या माळ्यावर ओढून घेणार? दोन्ही बाजूंनी विचार करून करून माझं डोकं भणभणून गेलं.

आज सकाळी पोलादपूरचा पाऊस पाहिला आणि नाते गावाहून सुताराला बोलावून घेतलं. मुलीला विचारलं नाही. तो म्हणाला, ओल्यात तासलं तर सुकल्यावर बिघडेल. मी म्हटलं, तासू नका, काढून टाका. बिजागऱ्या सोडल्या, पहार घातली, चौकटीसकट आवाज करत दार आलं. कोरीव पट्टी मधोमध चिरली. आता ते भिंतीला टेकवून ठेवलंय. पाहणीवाले काय म्हणतील, वरचे घरवाले काय करतील, मला माहीत नाही. त्या पाटीवर तुमच्याबद्दल काय लिहू तेही कळत नाही, आणि हे एवढं लिहिलेलं तर त्या मुलीला दाखवता येणार नाही. मधल्या भिंतीत आता नुसतं भोक आहे. पलीकडे काकू पाटावर बसून लसूण सोलतायत, मला इथून दिसतायत. दार निघालं तेव्हा म्हणाल्या, "माझ्यापायी येवडं नुकसान कशाला केलंस गो?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही तर कोणासाठी करणार?"

ते खोटं होतं, नाना. काकूंचं घर खालचं, पाणी आधी तिकडे येतं, माझ्या मागे देवळाकडे जायला वाट मोकळी होती आणि वरच्या घराची किल्ली कमरेला होती. तरी त्या दुपारी मी दार ओढत होते ते त्यांना इकडे आणायला नव्हे. मला तिकडे जायचं होतं, कारण मला एकटीला भीती वाटत होती.