‘सफाया’ची वेबसाइट, फक्त चार दिवसांत

३ तारीख, सोमवार, सकाळी

आणि वर तोंड करून मलाच शिकवतो, की वहिनी, नुसत्या काठीवर धंदा चालायचे दिवस गेले! कोण? माझा दीर. ढेकूण कुठे लपतो हे ज्याला मी गादीची शिवण उसवून दाखवलं, ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप पहिल्यांदा मी बांधला, तो. नवरा गेल्यावर दोघांनी मिळून धंदा ओढला. आता हा पंप आणि गाडी घेऊन चार गल्ल्या पलीकडे स्वतःचं दुकान टाकतो. त्याची म्हणे वेबसाइट आहे. माझ्याकडे काठी होती. ती फेकून मारली. दाराला लागली. नेम चुकला याचं वाईट वाटलं.

डॉक्टर म्हणाले होते, राग आला की वस्तू फेकू नका, वहीत लिहा. हे काठी फेकल्यावर आठवलं. म्हणून ही वही.

मुख्य गोष्ट अशी. मुलींच्या हॉस्टेलच्या वॉर्डनबाई येऊन गेल्या. तीनशे गाद्या, वर्षभराचं काम. मोठं म्हणावं असं तेवढंच माझ्याकडे उरलंय. ते गेलं की शटर खाली. बाई म्हणाल्या, यंदा आमची समिती आधी वेबसाइट बघणार, पंधरा तारखेपर्यंत पत्ता द्या. आणि हो, ढेकूण, झुरळ, उंदीर असले शब्द नकोत, हॉस्टेलचं नाव खराब होतं. जरा शोभेल असं लिहा.

निश्चय: चार दिवसांत वेबसाइट. हात उचलायचा नाही.

४ तारीख, दुपारी

आधी दिराची वेबसाइट बघितली. उघडते तर पडद्यावर झुरळ. तुरुतुरु पळतंय. सत्तावीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. पहिल्या चपलेला निसटलं. दुसरीलाही. चौथ्या फटक्याला मेलं. कॉम्प्युटरसकट.

लेकीने फोनवर सांगितलं, आई, ते चित्र होतं. मग तसं खाली लिहायला काय झालं होतं मेल्याला!

याला हात उचलणं म्हणत नाहीत. ही ड्यूटी.

६ तारीख

लेकीने जुना लॅपटॉप पाठवला. वर चिठ्ठी: ‘मारू नकोस.’ आईशी बोलायची ही पद्धत.

ती म्हणते, तयार डिझाइन फुकट मिळतात. एक निवड, त्यातला मजकूर पुसून आपला लिही, फोटो काढून आपले टाक. एवढंच. एवढंच असेल तर लोक शिकायला कॉलेजात कशाला जातात?

दोनशे डिझाइन बघितली. सगळ्यात सुंदर एकच. पिवळा रंग, ढग, मधोमध तीन गुबगुबीत बाळं ओळीत बसलेली. कुठल्याशा पाळणाघरासाठी केलंय. निवडलं.

फोटो निघत नाहीत. बोट ठेवलं की बाळ मोठं होतं, जागचं हलत नाही. खाली खाली गेले तर आणखी बाळं. रांगणारी, दूध पिणारी, झोपलेली. एका बाळाला बुक्की मारली, तर तेच दोनदा आलं.

९ तारीख, रविवार

फोटोंचा विचार शांतपणे केला. बाळं गोंडस आहेत. बघून गिऱ्हाइकाचं मन प्रसन्न होईल. राहू देत.

मजकूर मात्र माझा. चौथीपर्यंतच शिकले, पण लिहायला बसले की थांबत नाही. वॉर्डनबाईंचा शब्द पाळला, एकाही किड्याचं नाव घेतलं नाही. इथे उतरवून ठेवते.

वर, मोठ्या अक्षरांत: ‘एकदा आमच्या ताब्यात द्या. परत दिसणार नाहीत.’

दूध पिणाऱ्या बाळाखाली: ‘गोड खाऊ दाखवून बाहेर काढतो. मग कोपऱ्यात गाठतो.’

रांगणाऱ्याखाली: ‘पळून पळून जातील कुठे?’

झोपलेल्याखाली: ‘आवाज नाही, वास नाही. मेलेले आम्हीच उचलून नेतो.’

शेवटी: ‘पिल्लांना दयामाया नाही, कारण पिल्लंच मोठी होतात. सत्तावीस वर्षांचा अनुभव. सफाया सेवा.’

वाचून माझंच मन भरून आलं. लेकीला दाखवणार नाही, ती चुका काढते.

११ तारीख, सकाळी

वेबसाइट सुरू! चार दिवस म्हटलं होतं, आठ लागले. त्यातले तीन लॅपटॉप येईपर्यंतच गेले. वॉर्डनबाईंना पत्ता पाठवला, पंधराच्या चार दिवस आधी.

संध्याकाळी: सहा हजार लोकांनी बघितली. सहा हजार! दिराच्या झुरळाला जन्मात इतके लोक भेटले नसतील. लोक एकमेकांना पाठवतायत म्हणे. चांगलं काम लपत नाही.

१२ तारीख

सकाळपासून फोन. एक बाई नुसतीच रडत होती. म्हटलं, रडू नका, पत्ता सांगा, आजच येते. किंचाळून फोन ठेवला. एक बाप्या म्हणाला, तुला चौकात उभी करून फोडायला पाहिजे. म्हटलं ये, काठी तेल लावून तयार आहे. दुसरा म्हणाला, तुला आई म्हणणारं कोणी आहे का? म्हटलं आहे, पण ती महिन्यातून एकदा म्हणते.

ही दिराची माणसं. दुसरं कोण? माझे सहा हजार त्याच्या डोळ्यांत खुपले.

दुपारी दुकानाच्या काचेवर दगड. मीही उचलून परत फेकला. नेम बरोबर बसला, पण दूधवाल्याच्या सायकलीवर. दूधवाल्याचा काही संबंध नव्हता, तो आपला भांडण बघायला थांबला होता.

१३ तारीख

पोलीस. दोघे. विचारतात, बाळं कुठे आहेत? म्हटलं, माझी एकच, लग्न होऊन गेली. म्हणाले, वेबसाइटवरची. म्हटलं, ती आधीपासूनच होती, मी फक्त त्यांच्याखाली लिहिलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

गोदाम उघडायला लावलं. विषाच्या गोळ्या, सापळे, उंदीर चिकटवायचे गोंदाचे पुठ्ठे, सगळं दाखवलं. मोठ्या साहेबांच्या लक्षात यायला लागलं होतं, हसूही फुटत होतं. तेवढ्यात पोत्यामागून उंदीर निघाला. मी काठी घातली. उंदीर वाचला. साहेब लंगडत गेले.

१४ तारीख

वेबसाइट कंपनीने काढून टाकली. तीनच दिवस जगली. कंपनीला लिहिलं, सोमवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर काठी घेऊन येते. ऑफिस कुठे आहे तेही कळवा.

लेकीचा फोन. दहा मिनिटं नुसती हसली. मग एकदम विचारलं, आई, हॉस्टेलवाल्यांनी बघितली का गं?

बघितलीच असेल. बघण्यासाठीच केली.

१७ तारीख, सोमवार

कंपनीचं उत्तर नाही.

वॉर्डनबाईंचा निरोप आला. समितीने बघितली. काम दिराला दिलं.

लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला होता. तेवढ्यात तो वाजला, न वाचलेल्या मेलची आठवण करून द्यायला. वेबसाइट चालू होती तेव्हा तिच्यातून आलेली चौकशी मेलमध्ये जाऊन पडते, असं लेक म्हणाली होती. खाली ठेवला. पंचाण्णव शिव्या, आणि एकच खरी चौकशी. बारा तारखेची. जशीच्या तशी उतरवते.

‘वहिनी, तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून तुमच्याच वेबसाइटवरून लिहितोय. दगड माझ्या माणसांनी मारलेला नाही. माझ्याकडे माणसंच नाहीत. हॉस्टेलचं काम मला मिळेलसं दिसतंय. पण तीनशे गाद्या आहेत, आणि शिवणीतला ढेकूण मला अजून सापडत नाही, तो तुम्हालाच सापडतो. हाताखाली याल का? पंप मी धरीन. काठी आणा, पण पडद्यापासून लांब बसा. वीस तारखेला, गुरुवारी, काम सुरू करायचं आहे. बुधवारपर्यंत हो की नाही ते कळवा.’