कपाटातला राउटर

मंगळवार, संध्याकाळ

आजही मागच्या खोलीत मीटिंग अडकली. साहेबांना माझं उघडं तोंडच दिसत राहिलं म्हणे! वैतागून राउटर बघायला गेले, तर तो सासूबाईंच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या मधोमध.

"अहो आई, हा इथे?"

"गरम असतो ना तो. लोणावळ्याची ओल ही! कपाटात ऊबेसाठी लावलेला बल्ब गेलाय."

"पण लोखंडातून नेट कसं येणार?"

"नेट आज नाही तर उद्या येईल. तुझ्या शालूला बुरशी लागली तर?"

शालू माझाच, लग्नातला. तरी राउटर बाहेर काढलाच. मागच्या खोलीत नेट सुसाट! मग सहज शालूला हात लावला. एवढ्या पावसात कोरडा खडखडीत, वर उबदार.

राउटर परत आत ठेवला. बल्ब आणेपर्यंत मीटिंगला कपाटासमोर बसेन.