हिरामणच्या होडीतले ठोके

७ एप्रिल
अंधश्रद्धा घालवण्यासाठी काढलेल्या आमच्या डोळस मंडळाची मीटिंग. हजर तीन, म्हणजे शंभर टक्के. मी अध्यक्ष (निवृत्त एस.टी. कंट्रोलर), नबील खजिनदार (मोबाईल रिपेअरिंगचं दुकान), कल्पिता सेक्रेटरी (शाळेत शिक्षिका).
विषय एकच. हिरामण गेल्या गणपतीनंतर मासेमारीला गेला आणि बुडाला. होडी रिकामी सापडली, तो नाही. तेव्हापासून होडी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पडून आहे. भर दुपारी तिच्यातून ठोके येतात म्हणे. त्याच्या बायकोला, ठमीला, ना खलाशी मिळतोय ना होडीला गिऱ्हाईक. आता भगत म्हणतो, सत्तावीसच्या अवसेला होडी जाळा. ठमीचा दीर तयार झालाय. होडी गेली तर तिच्याकडे काही उरत नाही.
ठराव: अध्यक्षांनी ओळीने तीन दुपारी एकट्याने होडीत बसून शास्त्रीय निरीक्षण करावं. सूचक मी. अनुमोदक मी.

८ एप्रिल
जाणारच होतो. पण साधनं नकोत? वही आहे. थर्मामीटर तापाचा निघाला. अलिबागहून हवेचा आणला पाहिजे. घाईगडबडीत विज्ञान होत नसतं.

१० एप्रिल
अलिबागला जाऊन आलो. थर्मामीटर मिळाला नाही. टोपी मिळाली.

११ एप्रिल, दुपारी
१.१० ला होडीपाशी पोचलो. आजूबाजूला फक्त सुकत घातलेले बोंबील. आत चढलो नाही. प्राथमिक पाहणी बाहेरूनच करायची असते.
१.२५ ला ठोका. एक. मग थांबून दोन. आतूनच. फळीवर कुणी बोटाच्या पेरांनी वाजवावं तसे.
१.२६ ला घरी निघालो. वेगाने, कारण ऊन.

१२ एप्रिल
गुडघा दुखतोय. रचना म्हणाली, काल तर पळत आलात. म्हटलं, म्हणूनच. बायकोला कारण आणि परिणाम यातला फरक समजावून सांगितला. ती भाजी चिरत राहिली.
लोक होडीला घाबरतात. मी नाही. मला फक्त हिरामणचा विचार येतो. त्याला भीती म्हणत नाहीत.

१५ एप्रिल
जेवताना ठोका. स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर. एक, मग दोन. उघडून बघितलं, कोणी नाही. फ्रीज असणार म्हणून फ्रीज बंद केला. दोन तासांनी पुन्हा ठोका.
निष्कर्ष: फ्रीज निर्दोष. दूध नासलं.

१७ एप्रिल
कल्पिताचा फोन. काम कुठवर आलं? म्हटलं, डेटा गोळा होतोय. मग तिने हळूच विचारलं, काका, हिरामण जायच्या आधी तुमच्याशी काही बोलला होता का, लोक काहीतरी सांगतात. म्हटलं, लोक काहीही सांगतात. रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला.
इथे एकदा लिहून ठेवतो, निव्वळ रेकॉर्डसाठी. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर हिरामण म्हणाला होता, आई स्वप्नात येते, गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून नको नको म्हणते, आठवडाभर काही दर्यात जात नाही. मी दहा माणसांसमोर म्हणालो, "मग आता हवामान खातं बंद करू आणि तुझ्या आईलाच विचारू." सगळे हसले. तोही हसला. तिसऱ्या दिवशी गेला.
वाक्य चांगलं होतं. तेव्हा चांगलं होतं.

२० एप्रिल
दृढनिश्चय. उद्या काहीही झालं तरी होडीत बसणार.

२१ एप्रिल
बी.पी. मोजलं. नॉर्मल आलं. मशीन बिघडलंय. अशा परिस्थितीत जाणं बेजबाबदारपणाचं.

२३ एप्रिल
नबील आणि कल्पिता मला न सांगता जाऊन आले. दहा मिनिटं लागली. फळ्यांखाली डिझेलचा रिकामा प्लास्टिकचा कॅन होता, झाकण गच्च बसलेलं. ऊन चढलं की तो फुगतो आणि वाजतो. नबीलने तो सगळ्यांसमोर वाळूत ठेवला. थोड्या वेळाने वाजला. दीर खाली बसून बघत होता. होडी जाळायची नाही असं त्यानेच सांगितलं.
मंडळाचा पहिला विजय, माझ्या नेतृत्वाखाली. मार्गदर्शन जवळ उभं राहूनच करावं लागतं असं नाही.
कल्पिता म्हणाली, ठमी पुढे झाली. कॅन उचलून घरी घेऊन गेली.

२४ एप्रिल
दुपारी ठोका. एक, मग दोन. कॅन ठमीकडे आहे. तिचं घर पाऊण किलोमीटरवर. इतका आवाज येणं शक्य नाही.
नोंद केली. सही केली नाही.

२५ एप्रिल
जेवण गेलं नाही. उद्या ठमीला भेटायचं. विषय: होडीची भविष्यातील देखभाल.

२६ एप्रिल, संध्याकाळी
गेलो.
ठमी आणि तिचा भाऊ होडीचा तळ घासत होते. सोमवारी पाण्यात घालणार. देखभालीवर चार वाक्यं बोललो, मग टपरीवरचं सगळं सांगून टाकलं. ते वाक्यही जसंच्या तसं. म्हणालो, माझ्यामुळे गेला तो. लाज वाटून गेला.
तिचा हात थांबला नाही. घासता घासताच बोलली.
"तुमच्यामुळं? दादा, तुमचं कोन ऐकतंय हितं? टपरीवरनं घरी आला तो हसतच आला. तुमची नक्कल करून दाखवली मला."
मी वाळूत बसलो.
"मी धाडला त्याला. इंजिन नीट झालंय, घरात बसून काय करतंस, असं मी बोलली. दोन दिस मागं लागली. मग गेला." तिने तळावरचा शिंपला खरवडून काढला. "आता तो यील तर माझ्या दारावर यील का तुमच्या?"
अध्यक्ष या नात्याने इथे काहीतरी बोलायला हवं होतं. तुझा दोष नाही, असं. शास्त्रीय आधारासह. ठोके तुलाही ऐकू येतात का, हे विचारायचं होतं. तेही विचारलं नाही. तिचा चेहरा बघितला आणि कळलं, येतात.
तिने पत्र्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाली, बसलाच आहात तर ही बाजू घासा.
अंधार पडेपर्यंत घासली. निघताना मागे वळून बघितलं. तिचा भाऊ माझी बाजू पुन्हा घासत होता.