हॅल्वरची शाळा आणि माझं एक मत

२ एप्रिल, राजधानी.
गव्हाची शेती मुलाच्या हवाली करून आमदार झालो, ते बहुधा याच दिवसासाठी. लहान शाळा बंद करण्याचं बिल सोमवारी मतदानाला येतंय. आमच्या हॅल्वर गावची शाळाही त्यात. तिथल्या कोळशाच्या शेगडीपाशी उभं राहून म्हटलेल्या कविता अजून ओठांवर आहेत. भाषणात एक घेणार. सभागृह हेलावणार, नक्की.

४ एप्रिल.
फोनवर लव्हॉनला भाषण म्हणून दाखवलं. म्हणाली, "छान आहे रे, पण यात शाळा कधी येते?" चाळीस वर्षांच्या संसारातही बायकोला काव्य कळू नये! शाळा दुसऱ्या पानावर येते. नंतर शाळेतली मास्तरीण ओर्पा हिचा फोन. "आर्विड, भाषण राहू दे. विरोधाचं लाल बटण तेवढं दाब." दाबणारच. शब्द दिला.

७ एप्रिल, सोमवार, दुपार.
भाषण झालं. कविता संपली आणि वेळही संपला. दुसरं पान राहिलं. शेजारच्या बाकावरचा हार्लन, गुरंवाला, म्हणाला, "झकास! कशाबद्दल होतं?" मत्सर. असो. मत महत्त्वाचं.

तोच दिवस, संध्याकाळ.
लिहायला हात धजत नाही.
सभागृहाच्या खिडकीतून दिसलं, बर्फ वितळून फुलांचे वाफे उघडे पडलेत. पेरणीला वाफसा आला का, हे मूठभर माती दाबून पाहिल्याशिवाय राहवतं का? पटकन बाहेर गेलो. मूठ उघडली, गोळा अलगद फुटला. सुरेख वाफसा! पायरीवर बसून मुलाला फोन लावला, म्हटलं पेरणीयंत्र बाहेर काढ. मतदानाची घंटा वाऱ्यात ऐकू आली नाही. वारा फार होता.
आत आलो तर निकाल फळ्यावर. बिल एका मतानं मंजूर. मी असतो तर बरोबरी होऊन पडलं असतं. माझ्या नावापुढे दिवाच नाही. हार्लननं माझ्या मातकट हाताकडे पाहिलं. "आला का वाफसा?" म्हणाला. हसला नाही.

९ एप्रिल.
ठरलं. शनिवारी कॅफेत गावासमोर सगळं खरं सांगायचं. ताठ मानेनं.

१२ एप्रिल, शनिवार, घरी.
कॅफेत गेलो नाही. रस्ते निसरडे. तिकडे गावानं परस्पर ठरवलंय, मी आजारी होतो. "आर्विड उगाच गैरहजर राहणाऱ्यातला नाही." सकाळपासून शेजाऱ्यांकडून हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याची, भांडी येताहेत, ओट्यावर जागा नाही. लव्हॉनला मुलानं सगळं सांगितलंय. ती म्हणते, "तू सांगतोस की मी सांगू?" मीच सांगणार.
दुपारी ओर्पा स्वतः आली, गरम सूप घेऊन. मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "बोलू नकोस, घसा दुखेल. तू बरा असतास तर शाळा वाचली असती, हे काय आम्हाला कळत नाही?"
मी खोकलो.