सुपातले तांदूळ

तलासरी, ९ डिसेंबर २०१८

ती. अहिल्याताईस,
देवेशचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. मोबाईल विहिरीत आहे, मीच फेकला. संक्रांत झाली की उंबरगावच्या कंपनीत पॅकिंगला जाणार, असं शितलनं सांगितलं आणि माझं डोकं सटकलं. आता हे पत्र टेम्पोवाल्या नविनच्या गाडीतून चिकूच्या क्रेटांबरोबर डहाणूला येईल.

कॉलेज मी कुणासाठी सोडलं हे बाबा सोडून सगळ्यांना माहीत आहे. तिला इथेच काम मिळालं पाहिजे, बस्स. म्हणून पाड्यावर स्लॅबची खोली बांधली, आत विजेचा ड्रायर बसवला. बायका चिकूच्या चकत्या कापतात, मशीन सुकवतं. नव्या उद्योगांच्या योजनेतले साहेब जानेवारीत बघायला येणार आहेत. त्यांनी पसंत केलं तर वर्षभराचं काम, आणि शितल थांबेल.

पण इथली जमीन ठीक नाही, ताई. भर दुपारी खालून गडगडतं, जमिनीच्या पोटात कुणी पाटा सरकवल्यासारखं. मग फळीवरची भांडी वाजतात. शितलची आजी, बारकी, खोलीच्या उंबऱ्यावर सूप ठेवते, त्यात मूठभर तांदूळ. दाणे सरकले की म्हणते, जमीन जागी आहे. मग एकही बाई आत पाऊल टाकत नाही. कापलेले चिकू काळे पडतात. काल मी संतापून सूप लाथाडलं. कुणी शिवीही दिली नाही. दाणे वेचून सगळ्या गुपचूप निघून गेल्या.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा, देवेश

डहाणू रोड, १४ डिसेंबर २०१८

चि. देवेश,
अ. उ. आ.

विहिरीतल्या बेडकांना माझे मिस्ड कॉल पोचले असतील. बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण टेम्पोचा हॉर्न वाजला की खिडकीशी येतात.

हादरे इथेही बसतात; आमच्या कचेरीतल्या खुर्च्याही हळूहळू दाराजवळ आल्यात. कुणी सरकवल्या ते कुणालाच आठवत नाही.

तू मशीन आणलंस म्हणून ते नवं, आणि हलत्या जमिनीवर काम कसं करायचं हे त्या बायका शोधतायत ते जुनाट? जीव मुठीत धरून बसायच्या खोलीत धंदा कसा उभा राहणार? तुम्ही कसं केलं असतं, असं त्यांना कधी विचारलंस? शितलला तरी? की नुसतेच उसासे टाकतोयस?

आधी म्हातारीच्या पाया पड. सूप लाथाडणाऱ्याला मुलगी कोण देईल रे गाढवा!

जेवत जा, आणि भांडलास तरी लिहीत राहा.
तुझी ताई

तलासरी, २० जानेवारी २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाया पडलो. बारकी आजीनं सूप माझ्याच हातात दिलं. शितलला विचारलं, तर म्हणाली, चला, तुला तोंड आहे तसे कानही आहेत. मग तिनं कामच वाटून टाकलं. चकत्या घरोघरी अंगणात कापायच्या, मांडवावर बांबूच्या चटया टाकून सुकवायच्या; एक शेतावर गेली की शेजारीण तिची चटई राखते. कुणाच्या डोक्यावर स्लॅब नाही. ड्रायर खोलीत एकटाच उरला.

परवा साहेब आले. तुमचं नवं काय, विचारलं. शितलनं सगळ्या पाड्याकडे हात केला. ते हसले, फोटो मशीनचा लागतो म्हणाले, आणि खोलीत शिरले. मी सूप घेऊन उंबऱ्याशी होतो. वारा नव्हता. कोंबड्या एकदम गप्प झाल्या. दाणे मुंग्यांसारखे सुपाच्या तोंडाशी आले. आवाज नंतर आला. माझ्या तोंडून हाक निघेपर्यंत शितल आत जाऊन साहेबांना कॉलर धरून बाहेर घेऊन आलीसुद्धा. मागची भिंत ड्रायरवर बसली.

साहेब कपडे झटकत धुळीतून उठले. मग एक चकती खाल्ली, चटया बघत पाडाभर फिरले, आणि अशा कामाला नवा उद्योग म्हणता येईल का, ते वर विचारतो म्हणाले. बघू. आमच्या चकत्या विकणाऱ्या चारोटीच्या दुकानदारानं मात्र आणखी माल मागितलाय.

संक्रांत झाली. शितल गेली नाही. माझ्यासाठी थांबलीस का विचारलं, तर म्हणाली, कंपनीत बाहेर ये म्हणून हाक कोण मारणार? आणि तू तर हाकसुद्धा उशिरा मारतोस.

सूप अजून त्या पडक्या उंबऱ्यावरच ठेवतो. पण आता दाणे बाहेर येत नाहीत, आत सरकतात, पडलेल्या भिंतीकडे. बारकी आजी म्हणते, ते विचारायचं नाही.

बाबांना सांग, खिडकीत उभं राहू नका, अंगणात या.

वरच्या ओळीतलं अक्षर वाकडं झालंय. माझा हात हलला नव्हता.

तुझाच,
देवेश