बाबांचा ऊस आणि हिरवा दिवा

रविवार, संध्याकाळ. वारजे.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. आईने त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. आम्ही दोघींनी बुद्धवंदना म्हटली आणि मग डोळे मिटून बसलो. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

सगळं त्या पट्ट्यामुळे. ऑफिसने दिलेला, डोक्याला बांधायचा. रोज कामाला बसण्याआधी दहा मिनिटं बांधायचा. तो मेंदूच्या लहरी मोजतो, आणि मन शांत झालं की मोबाइलवर हिरवा दिवा लागतो. म्हणे कामात लक्ष राहतं. राहतं, खोटं कशाला बोलू? ट्रेनर म्हणाला होता, "मॅम, एक हॅपी मेमरी पकडा आणि रोज तीच वापरा." वापरा! आणि मी शहाणी, बाबांचीच दिली. मांजरी गावाच्या रस्त्याला स्कूटर थांबवून बाबा ऊस सोलतायत. बुडख्याकडचं गोड कांडं मला, शेंड्याकडचं पाणचट त्यांना. दोन मिनिटांत हिरवा दिवा. सहा महिने रोज.

आज पट्टा बांधला नव्हता. डोळे मिटले तर स्कूटर आली, ऊस आला, सोलणारा बाबांचा हात आला. शेजारी आईला हुंदका फुटला, तरी माझा श्वास एका लयीत. माझं रडू कुठे गेलं?

"किती शांत बसली होतीस गं," आई नंतर डोळे पुसत म्हणाली. "बाबांना भेटून आलीस ना?"

मी हो म्हटलं. काय सांगणार तिला? बाबा ऊस पुढे करत होते, आणि मी हिरवा दिवा कधी लागतो याची वाट बघत होते.